सांता फे: आई-बाबांना दोन दिवसांत काय दाखवायचं आणि काय सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला बरोबर कळलाय ना ते तुम्हालाही कळेल. सांगलीहून आई-बाबा डलासला तुमच्याकडे आलेत, बाबा ७१, पीडब्ल्यूडीतून रिटायर, बीपीची गोळी चालू आणि एक गुडघा कुरकुरतो, आई ६६, पक्क्या शाकाहारी, बरोबर नऊ वर्षांची मुलगी. न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेला दोन दिवस काढलेत आणि यादीत प्लाझा, कॅन्यन रोड, जॉर्जिया ओ'कीफ म्युझियम, म्याव वुल्फ, टाओस, बॅन्डेलिअर आणि व्हाइट सँड्स एवढं सगळं आहे. वर तुमचे मेव्हणे म्हणालेत की तिथे मातीची घरं सोडून काय आहे, त्यापेक्षा व्हेगास करा.

मी त्याच राज्यातल्या अल्बुकर्की शहरात सतरा वर्षं आहे आणि त्यातली बरीच वर्षं शनिवारी सांता फेला जाऊन एका म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून लोकांना फिरवते. शिवाय घरी येणारे पाहुणे वेगळेच, दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-बाबा असतातच. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा प्रॉब्लेम यादी नाहीये, उंची आहे. आणि दुसरा प्रॉब्लेम असा की हे गाव पॉइंट बघण्याचं नाहीये. महाबळेश्वरला कसं जीपवाला एका दमात बारा पॉइंट उरकून देतो, तसं इथे केलंत तर मेव्हणे बरोबर ठरतील, खरंच मातीची घरंच दिसतील फक्त.

आधी व्हाइट सँड्स, म्हणजे ती पांढऱ्या वाळूची टेकाडं, काढून टाका. नकाशावर एकाच राज्यात दिसतं पण सांता फेहून एका बाजूला जवळजवळ चार तास गाडी आहे. सुंदर आहे, वाद नाही, पण ती वेगळी ट्रिप.

आता उंची. सांता फे सुमारे ७,००० फुटांवर आहे, अमेरिकेतली सगळ्यात उंचावरची राज्याची राजधानी. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे बाबांना तुम्ही महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर दीड हजार फूट नेऊन तिथे चालायला लावणार आहात, आणि डलास तर जेमतेम चार-पाचशे फुटांवर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी नाशिकचे एक काका आले होते, मी उत्साहाने त्यांना एअरपोर्टवरून थेट सांता फे आणि तिथून वर स्की बेसिनच्या रस्त्याला घेऊन गेले, पिवळी पानं दाखवायला. तिथे दहा हजार फूट. काकांनी पानं पाहिली दोन मिनिटं आणि मग रस्त्याच्या कडेला बसून उलटी केली, पुढचा सगळा दिवस हॉटेलात डोकं धरून. चूक शंभर टक्के माझी.

तेव्हापासून माझा नियम एकच, पहिली रात्र अल्बुकर्कीत. ते ५,३०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे कळसूबाईवर मुक्काम केल्यासारखं, तेवढ्याने शरीर थोडं सावरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका तासात सांता फे. गाडी नको असेल तर रेल रनर ट्रेन आहे, दीड-पावणेदोन तास लागतात पण खिडकीतून छान दिसतं, मुलीला आवडेल. पाणी सतत प्यायला लावा, तहान लागलेली कळत नाही कारण हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही. ओठ फुटतात, कधी नाकातून थोडं रक्त येतं, घाबरू नका, व्हॅसलीन जवळ ठेवा. बीपीच्या गोळीचं मात्र निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, त्यात मी पडणार नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं.

कधी यायचं हे तुमच्या सुट्टीवर आहे, पण तारखा हातात असतील तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये इथे चक्क मान्सून असतो, लोक शब्दही तोच वापरतात, फक्त आपल्या डोळ्यांनी पाहिलं तर हसू येतं, दुपारी तीनला ढग, कडाडून वीज, वीस मिनिटं सर आणि परत ऊन. वर्षभराचा मिळून पाऊस चौदा इंचांच्या आसपास, कोकणात एवढा दोन दिवसांत पडतो. ऑगस्टमधल्या इंडियन मार्केटच्या वीकेंडला हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. (इंडियन म्हणजे इथले मूळनिवासी बरं का, १९२२ पासून भरतो तो बाजार. माझी आई पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, मग पैठणीचा स्टॉल असेल की!) ऑक्टोबरच्या सुरुवातीला अल्बुकर्कीचा बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या फुग्यांचा उत्सव, तेव्हा पण तेच. सप्टेंबर अखेर दोन्हीच्या मधे सापडतं, ऊन मऊ असतं, डोंगरावर अ‍ॅस्पनची झाडं पिवळी व्हायला लागलेली असतात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाजारात हिरव्या मिरच्या भाजण्याचे जाळीचे पिंप गरगर फिरत असतात. तो वास आला की आई स्वतःच गाडी थांबवायला सांगतील.

आता मेव्हण्यांच्या मातीच्या घरांकडे येते, कारण बाबा पीडब्ल्यूडीतले म्हणजे हा विषय त्यांचाच. अ‍ॅडोबी म्हणजे आपल्या कच्च्या विटा, माती, वाळू, पेंढा कालवून साच्यात घालायच्या आणि उन्हात वाळवायच्या, भट्टी नाही. इथली नेहमीची वीट १०×१४×४ इंच. छताला आडवे ओंडके, ते भिंतीतून बाहेर डोकावतात, त्यांना विगा म्हणतात, आपल्या वाड्याच्या तुळयाच. गंमत अशी की गावात जे दिसतं त्यातलं पुष्कळसं खोटं आहे. १९५७ मध्ये शहराने कायदा केला की जुन्या भागात बांधायचं तर याच धाटणीत, त्यामुळे आत लाकडी सांगाडा किंवा काँक्रीट ब्लॉक, वरून मातकट रंगाचं सिमेंट प्लास्टर, आणि पार्किंगची बिल्डिंगसुद्धा मातीची वाटते. बाबांना सांगा खरं-खोटं ओळखून दाखवा. खिडकीचा कोनाडा हातभर खोल असेल, कोपरे हाताने गोल केल्यासारखे असतील, भिंत सरळ रेषेत नसेल तर बहुतेक खरं. दुसरी त्यांच्या कामाची गोष्ट, विसाव्या शतकात पुष्कळ जुन्या चर्चांना 'मजबुती'साठी वरून सिमेंट थापलं, आणि झालं उलटंच, आत शिरलेला ओलावा बाहेर पडेना आणि आतल्या विटा विरघळायला लागल्या. उत्तरेकडच्या टाओस गावाजवळच्या रांचोसमधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चचं हेच झालं, शेवटी ते सिमेंट खरवडून काढलं आणि आता दरवर्षी गावकरी जमून माती-पेंढ्याचा गिलावा हाताने नव्याने लावतात. ज्यांनी लहानपणी घर सारवलेलं पाहिलंय त्यांना यात काय ते लगेच कळतं. हे सगळं माझ्या तोंडून ऐकताना एक रिटायर्ड ओव्हरसीअर आजोबा मला म्हणाले होते, "अहो मातीला श्वास घेऊ द्यावा लागतो", आणि पुढचा तासभर त्यांनीच मला फिरवलं.

पहिला दिवस असा काढा. सकाळी दहाच्या सुमाराला प्लाझा, म्हणजे गावातला मुख्य चौक, उत्तरेच्या बाजूला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स. स्पॅनिशांनी गाव वसवलं १६१० मध्ये, वाडा तेव्हाचा. बाबांना इतिहासाची आवड असेल तर १६८० चं बंड नक्की सांगा, आपल्याकडे शिवाजी महाराज गेले ते साल. प्वेब्लो म्हणजे इथली मूळ खेडी, वेगवेगळ्या भाषा बोलणारी, एकमेकांपासून लांब लांब, आणि पोपे नावाच्या माणसाने सगळ्यांना एकाच दिवशी उठवलं. कसं, तर पळणाऱ्या निरोप्यांबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. बेत फुटल्यामुळे थोडं आधीच सुरू करावं लागलं, पण स्पॅनिश लोकांना गाव सोडून पळावं लागलं आणि पुढची बारा वर्षं याच वाड्यात प्वेब्लो लोक राहिले. गाइडबुकात हे दोन ओळीत असतं.

वाड्यासमोरच्या पडवीत, पोर्टल म्हणतात तिला, मूळनिवासी कारागीर भिंतीला टेकून जमिनीवर कापड पसरून बसतात. हाच माझ्या मते सांता फेचा गाभा, इथे तासभर द्या. कोणीही येऊन बसू शकत नाही, जागा रोज सकाळी ठरतात, माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचा लागतो आणि त्यावर करणाऱ्याची खूण लागते. म्हणजे बाहेरून आणलेला माल इथे चालत नाही, जे आजूबाजूच्या दुकानांबद्दल छातीठोकपणे म्हणता येणार नाही. टर्कॉइज, म्हणजे फिरोजा, म्हणून रंगवलेला दुसराच दगड किंवा नुसतं प्लास्टिक सर्रास विकतात. दुकानात घ्यायचंच असेल तर तीन प्रश्न विचारा, कोणी केलंय, कुठल्या प्वेब्लोचं किंवा जमातीचं, दगड नैसर्गिक की स्टॅबिलाइझ्ड (राळ मुरवून घट्ट केलेला), आणि उत्तर बिलावर लिहून मागा. खोटा माल मूळनिवाशांच्या हातचा म्हणून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे लिहून मागितलं की पुष्कळ दुकानदारांचा आवाज बदलतो.

घासाघीस हा नाजूक विषय. आपल्या आयांना ते रक्तातच असतं. माझी आई कानातलं एक हातात घेऊन मला मराठीत म्हणाली, "अर्ध्यात मागू का?" मी डोळे वटारले. इथे तसं मागणं अपमान वाटतो कारण समोर बसलेली बाई दुकानदार नाही, तिने ते स्वतः केलंय. दोन-तीन वस्तू घेतल्या तर कधी कधी त्या आपणहून कमी करतात, तेवढंच. पण पुढे जे झालं ते सांगते. आई तिच्यासमोर उकिडवी बसली, तिने आईच्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून विचारलं हे काळे मणी कशाचे, मी सांगितलं काचेचे, आणि नवऱ्याचं वगैरेही सांगितलं. मग तिने स्वतःच्या गळ्यातली माळ काढून आईच्या तळहातावर ठेवली. केवा प्वेब्लोची होती ती बाई, ते लोक हैशी करतात, म्हणजे शंख-शिंपल्याचे बारीक तुकडे, प्रत्येकाला भोक, मग दोऱ्यात ओवून सगळी माळ एकदम घासत न्यायची, की मणी एकसारखे गोल होतात. आईने माळ बोटांतून जपासारखी एकदा पूर्ण फिरवली आणि म्हणाली, एकसुद्धा टोचत नाही गं. कानातलं सांगितल्या किमतीला घेतलं. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, माणसांचाही आणि मालाचाही.

तिथून लोरेटो चॅपल पाच-सात मिनिटांवर, बाबांसाठी. लाकडी गोल जिना आहे, ३३ पायऱ्या, पूर्ण दोन वळसे आणि मधे खांबच नाही. लोक म्हणतात संत जोसेफ येऊन बांधून गेला, बाबा काय म्हणतात ते मला कळवा. चढू देत नाहीत, खालूनच बघायचा. मग जेवण आणि दोन तास हॉटेलात आडवं व्हायचं, पहिल्या दिवशी हे सोडू नका. संध्याकाळी कॅन्यन रोड, पण एक युक्ती, रस्ता चढाचा आहे, तर सगळ्यांना गाडीने वरच्या टोकाला सोडा आणि उतरत खाली या. ऐंशीच्या वर गॅलऱ्या आहेत आणि सगळ्या फुकट. आपली मंडळी दारात घुटमळतात, घ्यायचं नाही तर आत कसं जायचं. बिनधास्त जा, कोणी काही म्हणत नाही. शुक्रवारी संध्याकाळी नवीन प्रदर्शनं उघडतात तेव्हा खुद्द चित्रकारही भेटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझियम हिल, त्यातलं इंटरनॅशनल फोक आर्ट म्युझियम. ओ'कीफ की हे, असं विचारलंत तर आई-बाबा बरोबर असताना मी हेच सांगेन. ओ'कीफ चित्रकार मोठीच, तुम्ही दोघं वेळ काढून जरूर जा, तिकीट आधी ऑनलाइन काढा, पण तिची चित्रं बाहेरचे डोंगर दोन-चार दिवस पाहिल्यावर जास्त भिडतात. फोक आर्टमध्ये मात्र अलेक्झांडर जिरार्ड या डिझायनरने जगभरातून जमवलेला खजिना आहे, एक लाखाच्या वर वस्तू त्याने दिल्या, त्यातल्या दहा हजारांच्या आसपास मांडून ठेवल्यात. खेळणी, बाहुल्या, मातीची माणसं, अख्खी गावंच्या गावं, लग्नं, बाजार, मिरवणुका. आणि वस्तूंना पाट्या नाहीत, मुद्दाम, त्याला वाटायचं लोकांनी वाचू नये, बघावं. माहिती हवी तर पुस्तिका मिळते. जिरार्ड भारतातही वस्तू गोळा करत फिरला होता, १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय कापड आणि दागिन्यांचं मोठं प्रदर्शन झालं त्याची मांडणी त्याची होती, त्यामुळे इथे भारत जागोजागी भेटतो. इंग्रजी वाचायला न लागणारं म्युझियम म्हणजे आईंना सगळ्यात सोयीचं. तुमच्या मुलीला सांगा, भारतातल्या वस्तू आजीच्या आधी शोधायच्या. आजी जिंकते, नेहमी.

दुपारी दोन गट करा. म्याव वुल्फ म्हणजे जुन्या बोलिंग अ‍ॅलीमध्ये उभारलेलं वेडं घर, फ्रिजचं दार उघडून आत शिरलं की दुसऱ्याच जगात, मुलगी खूश होईल. पण आवाज, लुकलुकते दिवे, वाकून सरपटून जायच्या जागा, आई-बाबांना तिथे नेऊ नका. दोघांपैकी एकाने मुलीला तिकडे न्यायचं, दुसऱ्याने आई-बाबांना घेऊन चिमायो. टाओसला या वेळी फाटा द्या, जायला-यायला तीन-साडेतीन तास निघून जातात. चिमायो पाऊण तासावर आहे, छोटं मातीचं चर्च, १८१६ च्या सुमाराचं, आत बाजूच्या खोलीत जमिनीत एक खळगा आहे आणि त्यातली माती लोक चिमूटभर कपाळाला, दुखऱ्या जागी लावतात, पुडीत बांधून नेतात. शेजारी कुबड्या टांगलेल्या असतात, बऱ्या झालेल्यांनी सोडलेल्या. गुड फ्रायडेच्या आठवड्यात हजारो लोक लांबून पायी चालत येतात इथे. तुम्ही काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. माझ्याबरोबर आलेल्या सोलापूरच्या एका मावशींनी न विचारता चपला दाराबाहेर काढल्या आणि आत जाऊन अंगारा लावावा तशी माती लावली.

बॅन्डेलिअर बाबांच्या गुडघ्यावर सोडा. मऊ ज्वालामुखी राखेच्या खडकात कोरलेल्या खोल्या आहेत, लेण्यांची सवय असलेल्या माणसाला मजा येते, सुरुवातीचा भाग सपाट आहे आणि शिड्या चढल्याच पाहिजेत असं नाही. तिसरा दिवस मिळाला तरच. त्या भागात एखाद्या प्वेब्लोत सणाचा नाच असेल आणि बघायला मिळाला तर एक लक्षात ठेवा, फोन गाडीतच आणि टाळ्या नाहीत, तो कार्यक्रम नसतो, पूजा असते. आपण आरतीला टाळ्या वाजवतो म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

खाण्याचं, कारण आई शाकाहारी. हॉटेलात पहिला प्रश्न येईल "रेड ऑर ग्रीन?", म्हणजे कुठल्या मिरचीचा सॉस, दोन्ही हवे तर "ख्रिसमस" म्हणायचं. पण सॉसमध्ये पुष्कळदा डुकराचं मांस किंवा चिकनचं पाणी असतं, आणि दिसायला साध्या राजम्यासारख्या बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. त्यामुळे "व्हेजिटेरियन आहे का" एवढं विचारून भागत नाही, "लार्ड आहे का, मीट स्टॉक आहे का" असं नाव घेऊन विचारा. बिस्कोचितो नावाची बडीशेपेच्या वासाची बिस्किटं मिळतात, पारंपरिक असतील तर तीही लार्डचीच, आईंना चहाबरोबर देऊ नका. बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे कालाबासितास, भोपळ्याच्या जातीची भाजी, मका आणि हिरवी मिरची, आपल्या घरचीच चव, पण तिथेही विचारून. निळ्या मक्याची टॉर्टिया बघून आई भाकरी म्हणतील. सोपापिया ही टम्म फुगलेली पुरी, कोपरा तोडून आत मध ओतायचा, फक्त पिठात लार्ड नाही ना आणि तळलीय कशात ते विचारून घ्या. वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा दारोदार टांगलेल्या दिसतील, नुसत्या शोभेच्या आहेत का खायच्या ते बघून घ्या, काहींवर चकाकीसाठी काहीतरी फवारलेलं असतं. चिमायोची लाल मिरचीपूड मात्र पाव किलो घ्याच, तिखट कमी, रंग भरपूर. माझी आई दरवर्षी मागवते आणि लसणीच्या चटणीत आपली बेडगी आणि ही निम्मी-निम्मी घालते.

हॉटेल घेताना जुन्या अ‍ॅडोबी इनच्या फोटोंना भुलायच्या आधी तळमजल्याची खोली मागा, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नसते. संध्याकाळी सूर्य गेला की एकदम गार होतं, सप्टेंबरमध्येसुद्धा, तर बाबांचा स्वेटर गाडीच्या डिकीत नको, हातात हवा. रात्री शेकोटीत पिन्योनचं लाकूड जळतं त्याचा गोडसर वास गावभर असतो, दम्याचा त्रास असेल तर खोलीत शेकोटी घेऊ नका. त्याच झाडाच्या बिया रस्त्याकडेला पिशवीत विकायला असतात, आपल्या चिलगोज्यांचे भाऊबंद, दाताने फोडून खायच्या. एक पिशवी घ्या आणि बाबांना प्लाझातल्या बाकावर बसवून द्या, बॅन्डेलिअरला जायचं की नाही ते तेच सांगतील.